बर्फ मऊ, मग लोखंड का झिजतं? ट्रॅक्टरची लोडर बकेट बर्फात कशी टिकवतात

रात्रीची वेळ. ट्रॅक्टरच्या टपावर पिवळा दिवा फिरतोय, समोरची बकेट बर्फाचा ढीग ढकलत चाललीय आणि तिच्या खालून ठिणग्या उडतायत. अशी रील तुम्ही एकदा तरी बघितली असणार. बघायला भारीच वाटतं. पण त्या ठिणग्या म्हणजे नक्की काय आहे माहितीय? ते बकेटचंच लोखंड आहे. घासताना त्याचे बारीक कण सुटतात, इतके तापतात की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून जळतात, आणि आपल्याला ठिणगी दिसते. म्हणजे तुम्ही ज्याला लाइक करताय तो कुणाच्या तरी बकेटचा खर्च आहे!

हे मला माझ्या मावसभावामुळे कळलं. दादा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, डुलुथ शहराच्या बाहेर राहतो. तिथे दरवर्षी सरासरी दोन मीटरच्या वर बर्फ पडतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर साडेतीन मीटरहून जास्त पडला होता. रस्त्यापासून त्याच्या घरापर्यंत शंभरेक मीटरची खडीची वाट आहे. ती साफ करायला नगरपालिका येत नाही, स्वतःच करायची. घर गरम ठेवायला प्रोपेन गॅस लागतो, आणि वाट साफ नसेल तर गॅसचा टँकर दारापर्यंत येत नाही. बाहेर उणे २५ अंश आणि टाकी रिकामी, हे चित्र डोळ्यासमोर आणा म्हणजे तिथे छोटा ट्रॅक्टर ही हौस का नाही ते समजेल.

तिसऱ्या हिवाळ्यानंतर दादाने व्हिडिओ कॉलवर बकेट दाखवली. पुढची कड मधे शाबूत, पण दोन्ही कोपरे गोल झालेले, आणि एका बाजूला कड इतकी पातळ की पत्र्यासारखी वाकलेली. मी इंजिनियर असूनही पहिला प्रश्न बावळटासारखाच विचारला: "बर्फाने लोखंड कसं काय झिजलं?"

गुन्हेगार बर्फ नाहीच

आपली एक अडचण आहे. मराठीत आकाशातून पडणारा भुसभुशीत बर्फ आणि फ्रीजमधला दगडासारखा बर्फ, दोघांनाही आपण बर्फच म्हणतो. या लेखात पहिल्याला भुसभुशीत बर्फ म्हणू आणि दुसऱ्याला घट्ट बर्फ. ताजा भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. ओला, बसलेला बर्फ ४०० किलोपर्यंत जातो. घट्ट बर्फ ९१७ किलो. छोट्या ट्रॅक्टरची बकेट साधारण पाव घनमीटरची धरली, तर ओल्या बर्फाने काठोकाठ भरली तरी शंभर किलो. बकेटला हे वजन म्हणजे काहीच नाही.

आता कडकपणा बघू. फोनच्या काचेवर नंबर लिहिलेल्या सुया ओढून ओरखडे पाडणारे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. त्या सुयांवरचे ६, ७ हे आकडे मोह्स नावाच्या मोजपट्टीचे असतात. १ म्हणजे सर्वात मऊ, १० म्हणजे हिरा. जास्त आकड्याची वस्तू कमी आकड्याच्या वस्तूवर ओरखडा पाडते. शून्य अंशाच्या आसपास बर्फाचा आकडा आहे दीड. तापमान उतरतं तसा बर्फ कडक होत जातो, पण आपल्याला भेटणाऱ्या थंडीत तो साध्या पोलादाच्या पुढे जात नाही. साधं पोलाद चार-साडेचारच्या आसपास. मग जिंकतं कोण? वाळूत, खडीत, काँक्रीटमध्ये असलेलं क्वार्ट्झ. त्याचा आकडा ७.

खिशात वाळूचा एक कण असेल तर फोनची काच खराब होते, चावीने सहसा होत नाही, त्याचंही कारण हेच. बकेटचं तेच होतं. बर्फ फक्त वर पसरलेला असतो. खाली काँक्रीट, डांबर किंवा खडी असते, आणि बकेट घासते ती त्यावर. बर्फाचा दोष एवढाच की तो खालचं सगळं झाकून टाकतो, आणि ड्रायव्हरला दिसत नाही.

बकेटमध्ये नेमकं काय झिजतं

लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेले दोन हायड्रॉलिक हात, आणि त्यांच्या टोकाला बकेट. जेसीबीचा पुढचा भाग आठवा, तसंच, फक्त छोटं. बकेटच्या तळाची अगदी पुढची कड म्हणजे तिचा ओठ. चांगल्या बकेटला ओठावर जाड, कडक पोलादाची पट्टी असते. तिला कटिंग एज म्हणतात, आपण पातं म्हणू. हे पातं बऱ्याच बकेटना वेल्डिंगने कायमचं जोडलेलं असतं. मागे, जिथे तळ वर वळतो, ती असते टाच. दोन्ही बाजूंना उभे गाल.

झिजण्याचा क्रम जवळजवळ ठरलेला. आधी पात्याचे कोपरे, कारण वळताना सगळा भार तिथे येतो. मग पात्याची पूर्ण धार. मग टाच. पातं संपल्यावर घासायला लागतो खुद्द ओठ, आणि खरा खर्च इथे सुरू होतो. पातं बदलणं हे मोटरसायकलचे ब्रेक शू बदलण्यासारखं आहे. ब्रेक शू संपल्यावरही गाडी चालवत राहिलात तर ड्रम जातो. ओठ गेला की कापून नवा वेल्ड करावा लागतो, आणि दादाची बकेट तिथपर्यंत पोचायला एखादा आठवडाच बाकी होता.

एक समीकरण, घाबरू नका

१९५३ साली जॉन आर्चर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने झिजेबद्दल एक साधा नियम मांडला. किती माल झिजणार हे तीन गोष्टींवर ठरतं: किती दाबाने घासलं, किती अंतर घासलं, आणि घासली जाणारी वस्तू किती कडक आहे. दाब दुप्पट, झीज दुप्पट. अंतर दुप्पट, झीज दुप्पट. कडकपणा दुप्पट, झीज निम्मी. यात एक गुणकही असतो, जो खाली खडी आहे की गुळगुळीत फरशी त्यावर बदलतो. प्रत्यक्षात गोष्टी इतक्या सरळ नसतात, पण निर्णय घ्यायला हा नियम मस्त आहे. कारण बकेट वाचवण्याचा कुठलाही उपाय घ्या, तो शेवटी या तीनपैकी एका आकड्यालाच हात लावतो.

अंतराचा हिशोब करून बघू. शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद वाट. बकेट दीड मीटरची. पट्टे एकमेकांवर थोडे चढवायचे म्हणजे तीन ते चार फेऱ्या, वर वळणं, मागे ओढणं. एका वेळी अर्धा किलोमीटर घासणं होतं असं धरा. हिवाळ्यात वीस वेळा साफ केलं तर दहा किलोमीटर. म्हणजे चर्चगेटपासून दादरपर्यंत बकेट जमिनीवर घासत नेली. असं सांगितलं की कोणालाही पटतं की हे प्रकरण गंभीर आहे.

अंतर आपल्या हातात फारसं नाही, वाट आहे तेवढीच राहणार. दाब आणि कडकपणा मात्र आहेत. लोक धावतात कडकपणाकडे, दुकानात जाऊन महागडं पातं आणतात. माझ्या मते सुरुवात दाबापासून करावी, कारण त्याला एक पैसाही लागत नाही.

फुकटातला उपाय: फ्लोट

लोडरचा दांडा पुढे ढकलला की हात खाली जातात. बकेट जमिनीला टेकल्यावरही ढकलत राहिलात तर हायड्रॉलिक तेल बकेटला जमिनीत दाबायला लागतं, इतकं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, कधी उचललीही जातात. याचा अर्थ पुढच्या चाकांवरचा भार आता पात्यावर आला. समजा नुसत्या बकेटचा आणि हातांचा भार २०० किलो आहे आणि असं दाबल्यावर तो ६०० झाला. आर्चर्डच्या नियमाने झीज तिप्पट. वर स्टेअरिंग काम करेनासं होतं ते वेगळंच.

बऱ्याच लोडरमध्ये दांडा खाली करण्याच्याही पुढे, अगदी टोकाला ढकलला की एक खाच लागते. तिथे दांडा अडकून बसतो. हे फ्लोट. या स्थितीत हात उचलणाऱ्या सिलिंडरच्या दोन्ही बाजू तेलाच्या टाकीला जोडल्या जातात, म्हणजे तेल कुठेच कोंडलेलं नसतं. हात सैल पडतात, आणि बकेट फक्त स्वतःच्या वजनाने जमिनीवर तरंगत जाते. उंचवटा आला की वर, खळगा आला की खाली. दादाने तीन हिवाळे ट्रॅक्टर चालवला आणि ही खाच त्याला माहीतच नव्हती. मॅन्युअल पिशवीतून काढलेलंच नव्हतं. (आपणही नवीन फोनच्या डब्यातलं पुस्तक कधी उघडतो?)

एक काळजी मात्र घ्या. बकेट हवेत उंच असताना फ्लोट लावलं तर ती धाडकन खाली येते. आधी सावकाश जमिनीवर टेकवायची, मगच फ्लोट.

फ्लोटच्या जोडीला कोन. पात्याची धार जमिनीत घुसेल असा बकेटचा पुढचा भाग खाली झुकवला, तर ती खडीत नांगरासारखी शिरते. बकेट किंचित मागे कलती ठेवली की तळ आणि टाच भार घेतात, आणि धार जमिनीला हलकीच लागते किंवा लागतच नाही. किती किंचित? इथे फोन कामाला येतो. सपाट जागी बकेट टेकवा, इंजिन बंद करा, आणि फोनमधलं लेव्हल दाखवणारं ॲप उघडून फोन बकेटच्या तळावर ठेवा. शून्य आलं की लोडरवर जी कोन दाखवणारी सळी असते तिच्यावर रंगाने खूण करा. सळी नसेल तर सीटवरून दिसेल अशा ठिकाणी हातावर आणि बकेटवर जुळणाऱ्या दोन रेघा मारा. पुढे अंधारात, बर्फात तुम्हाला तळ दिसणार नाही, पण खूण दिसेल. दादाची खूण नेलपॉलिशची आहे, वहिनीची.

उलटं जाताना वेगळीच चूक होते. दाराजवळचा बर्फ मागे ओढायला लोक बकेट पूर्ण ओतायच्या स्थितीत उभी करतात आणि धार खाली टेकवून रिव्हर्स घेतात. या स्थितीत बकेट फिरवणाऱ्या सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर आलेले असतात. लांब, बारीक दांडा ताणात टिकतो, पण त्याच्यावर दाब आला की वाकतो. मागे ओढताना काही अडकलं किंवा नंतर चुकून तसंच पुढे गेलात, तर पात्याबरोबर दांडाही जाऊ शकतो. मागे ओढायचंच असेल तर बकेट अर्धवट झुकवा, फ्लोटवर ठेवा आणि हळू चला.

आता पात्याकडे

फोनला स्क्रीन गार्ड का लावता? फुटायचंच असेल तर ते फुटावं, आतली काच नाही. बोल्टने बसणारं पातं हा बकेटचा स्क्रीन गार्ड आहे. ओठाला भोकं पाडून त्यावर कडक पोलादाची पट्टी बोल्टने बसवतात. बोल्टची डोकी सपाट आणि पट्टीत बुडालेली असतात, म्हणजे ती कशात अडकत नाहीत. त्यातही उलटसुलट बसणारी पट्टी घ्या: तिच्या दोन्ही लांब कडांना धार असते. एक कड झिजली की बोल्ट काढा, पट्टी फिरवा, दुसरी कड पुढे. एका पट्टीत दोन आयुष्यं.

कडकपणाचा आकडा पोलादाच्या बाबतीत ब्रिनेल मोजपट्टीवर सांगतात. साधं बांधकामाचं पोलाद १२० ते १४० च्या आसपास. झिजेला तोंड देण्यासाठी बनवलेलं एआर ४०० जातीचं पोलाद ४०० च्या आसपास. म्हणजे तिप्पट कडक. पण क्वार्ट्झ याहूनही बरंच पुढे आहे, त्यामुळे एआर ४०० सुद्धा झिजतंच, फक्त सावकाश. क्वार्ट्झला खरोखर हरवणारी गोष्ट म्हणजे टंगस्टन कार्बाइड. हायवेवर बर्फ हटवणाऱ्या मोठ्या ट्रकच्या पात्यात कार्बाइडचे तुकडे बसवतात. घरच्या ट्रॅक्टरला त्याची गरज नाही. महाग तर आहेच, शिवाय ठिसूळ. दगडाला ठोकर बसली की टवका उडतो.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. आमच्या गावचा लोहार नांगराचा फाळ लाल करून ठोकायचा आणि मग पाण्यात बुडवायचा. याला म्हणायचे "पाणी देणं". एआर ४०० ची कहाणी तीच आहे, फक्त कारखान्यात, मोजून मापून. आणि दिलेलं पाणी उतरूही शकतं. असं पातं बकेटला वेल्ड केलं की जोडाच्या आजूबाजूचा पट्टा तापतो, आणि तिथला कडकपणा कमी होतो. म्हणून कडक पट्टी शक्यतो बोल्टनेच बसवावी. वेल्ड करायचीच असेल तर या पोलादाचं काम माहीत असलेल्या माणसाकडून. गावाकडे जेसीबीच्या दातांवर हार्डफेसिंगच्या रॉडने कडक थर चढवतात, ते मुरूम खणायला ठीक आहे. बर्फाच्या कामात तो खडबडीत थर खालचं काँक्रीट ओरबाडून काढेल.

कडकच का? मऊसुद्धा चालतं

हा भाग मला सर्वात आवडला, कारण तो आर्चर्डला बगल देतो. रबराचं पातं! पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी टिकतं. का? क्वार्ट्झचा कण पोलादावर आला की तो ओरखडा काढून कण उचकटतो. रबरावर आला की रबर दबतं, कण पुढे गेला की परत जागेवर येतं. कापलं जाण्याऐवजी ते वाट देतं. गाडीचं टायर हजारो किलोमीटर डांबरावर चालतं ते काही कडक असल्यामुळे नाही.

फरसबंदी अंगण असेल, महागडं काँक्रीट असेल, तर रबर किंवा त्याहून चिवट असं पॉलियुरेथेन उत्तम. आवाज कमी, ठिणग्या नाहीत, फरशीवर ओरखडे नाहीत. काही जण कन्व्हेयर बेल्टचा जुना जाड पट्टा कापून दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून बोल्टने बसवतात, तेही चालतं. तोटा एकच, पण मोठा: गाडीच्या चाकांखाली दबून जमिनीला चिकटलेला घट्ट बर्फ रबराने निघत नाही. रबर त्याच्यावरून घसरत जातं. म्हणून बर्फ पडला की गाड्या फिरायच्या आधी साफ करायचा, हे रबरवाल्यांचं पहिलं पथ्य.

खडीच्या वाटेवर प्रश्न वेगळा आहे. तिथे पातं झिजण्याइतकीच दुसरी कटकट म्हणजे खडी बर्फाबरोबर गोळा होऊन लॉनमध्ये जाते. उन्हाळ्यात ती फावड्याने परत आणत बसा. त्यासाठी एक देशी वाटावा असा जुगाड तिथे चांगलाच रुळलाय. लोखंडी पाइप घ्यायचा, एका बाजूने लांबीभर चीर पाडायची आणि तो पात्यावर सरकवायचा. धारेऐवजी आता पुढे गोल पाइप आहे, जो खडीवरून बोटीसारखा सरकतो. घासायचं ते पाइप घासतो, पातं आत सुरक्षित. पाइप झिजला की फेकून दुसरा. फक्त तो साखळीने किंवा बोल्टने नीट बांधा, नाहीतर ढिगाऱ्यात हरवतो आणि थेट एप्रिलमध्ये सापडतो. प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाइपनेही करतात, पण पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतं, दगड लागला की तडकतं. मिनेसोटाच्या जानेवारीत मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

दुसरा पर्याय स्किड शू, म्हणजे बकेटच्या खाली किंवा बाजूला बसवलेले लोखंडी बूट. ते बकेटला जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर उचलून धरतात. झिजतात ते बूट, आणि ते बदलायला सोपे.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: पहिला बर्फ काढायचाच नाही! हंगामाचा पहिला बर्फ गाडीने दाबून घट्ट होऊ द्यायचा. खाली जमीन गोठली की खडीवर एक कडक थर तयार होतो, आणि पुढचा सगळा हिवाळा बकेट त्या थरावरून चालते, दगडावरून नाही. आठवतंय ना, बर्फाचा आकडा दीड, क्वार्ट्झचा सात. वाट थोडी निसरडी राहते, ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या लागतात. शिवाय तुमच्याकडे चढ असेल तर विचार करूनच हे करा.

मी केलेला घोळ

मागच्या जानेवारीत ऑफिसच्या कामाने अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा एक आठवडा दादाकडे राहिलो. तोपर्यंत बकेटला बोल्टचं पातं बसलेलं. मी म्हटलं, थिअरी सगळी मी सांगितली, आता चालवतोही मीच. मोबाइल स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग चालू. पहिल्या दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीला जरा रंगात आलो आणि गिअर बदलला.

गॅरेजसमोर काँक्रीटचा स्लॅब आहे. थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचे दगड, स्लॅब उचलले जातात. तो स्लॅब खडीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर आलेला, आणि बर्फाखाली मला अर्थातच दिसला नाही. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मी नाही थांबलो. छातीला स्टेअरिंग लागलं, फोन उडून बर्फात. व्हिडिओत शेवटी फक्त आकाश आणि माझी एक न छापता येणारी शिवी आहे.

नंतर हिशोब केला. लोडरसकट ट्रॅक्टर दीड टनाचा धरला आणि वेग ताशी ८ किलोमीटर, तर थांबताना सुमारे ३,७०० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाऊणशे किलोचा माणूस पाच मीटरवरून पडावा तेवढी. वेग निम्मा, ताशी ४ ठेवला असता तर ऊर्जा निम्मी नाही, पावपट झाली असती, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. सव्वा मीटरवरून उडी मारल्यासारखं. हिवाळ्यात आणखी एक गोष्ट भर घालते: साधं पोलाद खूप थंडीत ठिसूळ होतं. उन्हाळ्यात जे वाकेल ते जानेवारीत तडकू शकतं. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असलेलं शेनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज असंच मधोमध फाटलं होतं.

आमचं नुकसान काय झालं? पात्याचे दोन बोल्ट तुटले आणि पातं एका कोपऱ्यात सरकलं. बकेटचा ओठ सरळच्या सरळ. मार पात्याने आणि बोल्टनी खाल्ला. अर्ध्या तासात नवे बोल्ट बसवले. दादा काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबच्या दोन्ही बाजूंना नारिंगी काठ्या रोवलेल्या दिसल्या. खरं तर हे काम बर्फ पडायच्या आधी करायचं असतं: वाटेच्या कडा, स्लॅब, गटाराची झाकणं, मोठे दगड, सगळ्यांजवळ उंच काठ्या. ऑक्टोबरमध्ये एकदा चालत व्हिडिओ काढून ठेवा, डिसेंबरमध्ये तोच तुमचा नकाशा.

मीठ, गंज आणि चिकटणारा बर्फ

रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. साधं मीठ उणे ९ अंशांपर्यंत बरं काम करतं, त्याखाली फार मंद होतं, मग कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार वापरतात. पोलादाला दोन्ही वाईट. गंजाचा थर मऊ असतो. घासताना तो लगेच निघतो, खालचं ताजं पोलाद उघडं पडतं, ते परत गंजतं, परत घासलं जातं. गंज आणि घासणं वेगवेगळे जेवढं खातील त्याहून जास्त दोघं मिळून खातात. म्हणून मिठावर काम केलं असेल तर बकेट धुवा आणि कोरडी होऊ द्या. हंगाम संपला की तळ घासून रंग मारा. पात्याच्या धारेवर रंग टिकणार नाही, तिथे तेलाचा हात पुरे.

बकेटच्या आत बर्फ चिकटून बसतो तेव्हा तो काढायला लोक बकेट जमिनीवर आपटतात. असं करू नका, पिना आणि बुशिंग ढिल्या होतात. आत सिलिकॉन स्प्रे किंवा मेण चोळलं तर बर्फ सुटून येतो. ट्रॅक्टर गरम शेडमधून काढला तर बकेट बाहेर थोडी गार होऊ द्या, कारण कोमट लोखंडावर बर्फ वितळतो आणि मग परत गोठून घट्ट धरतो. पिनांना ग्रीस मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढ्या तासांनी द्यायचंच.

आपल्याकडे हे कुठे लागतं? रोहतांग, झोजिला या खिंडी सीमा सडक संघटना मोकळ्या करते, तिथे डोझर आणि बर्फ कापून लांब फेकणारी यंत्रं असतात. फिरत्या पात्यांच्या यंत्राचं झिजणं हा वेगळा विषय आहे. पण नाशिक-सोलापूरकडे ज्यांच्या ट्रॅक्टरला लोडर आहे आणि जे शेणखत, वाळू, खडी उचलतात, त्यांना वरचं जवळजवळ सगळं लागू पडतं. वाळू इथली असो वा तिथली, क्वार्ट्झचा आकडा सातच.

फोनने पात्यावर नजर ठेवा

दादासाठी मी ॲप वगैरे काही बनवलं नाही, फोनमध्ये एक अल्बम केला. दर महिन्याला बकेट सपाट जागी टेकवायची, इंजिन बंद, किल्ली खिशात. पात्याच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागाला स्टीलची पट्टी लावून तीन फोटो, दरवेळी त्याच जागी. पातं ओठाच्या किती पुढे उरलंय ते मिलिमीटरमध्ये फोटोच्या नावातच लिहायचं. तीन आकडे सारखे उतरत असतील तर सगळं ठीक. एक बाजू भराभर उतरत असेल तर बकेट तिरकी बसलीय, किंवा एका बाजूचं टायर कमी हवेचं आहे, किंवा तुम्ही नेहमी एकाच बाजूला वळताय. दादाचं उजवं टायर निघालं.

पातं ओठाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढं उरलं की ते फिरवायचं, असा आम्ही नियम केलाय. बोल्ट बसवल्यावर पहिल्या तासाभराच्या कामानंतर परत एकदा आवळायचे, कारण नवी पट्टी बसते तसे ते सैल होतात. आणि हे सगळं करताना बकेट जमिनीवरच हवी. हायड्रॉलिकच्या भरवशावर वर धरलेल्या बकेटखाली हात, डोकं किंवा फोन, काहीही घालू नका.

परवा दादाने यंदाचा पहिला फोटो पाठवला. डावीकडे ४१, मध्ये ४२, उजवीकडे ४१. खाली लिहिलं होतं, टँकर येऊन गेला.